दुसऱ्या नावाचे प्रवेशपत्र

कुंभिवली, २८ मे १९८४, सोमवार

दुपारी पोस्टमन आला आणि अंगणातून ओरडला, "कुमुद वाल्मिक पिंगळे कोण?" मी तांदूळ पाखडत होते. मीसुद्धा मान वर करून इकडेतिकडे पाहिले. मग आत्याबाई (सासूबाईंना इथे असेच म्हणतात) म्हणाल्या, "अगं, तुलाच इचारतोय तो." लग्नाला तीन महिने होऊन गेले तरी हे नाव ऐकल्यावर मला एक क्षण लागतो.

लांब पाकीट होते, पुण्याच्या लॉ कॉलेजचे. आत प्रवेश परीक्षेचे प्रवेशपत्र. १७ जून, रविवार, सकाळी दहा. फोटो माझाच. लग्नाच्या फोटोतून कापून चिकटवलेला, कपाळावर मुंडावळीची एक सर तशीच राहिली आहे. खाली इंग्रजीत सही: के. डब्ल्यू. पिंगळे.

मी हा अर्ज केलेला नाही. ही सही मी केलेली नाही. मी सूप खाली ठेवले.

२९ मे

काल ह्यांची दुसरी पाळी होती, म्हणून आज सकाळी विचारले. हे कागदाच्या कारखान्यात टाइमकीपर आहेत. मी पाकीट पुढे केले तर चेहरा असा खुलला की मला रागावताही येईना.

"आलं का? मी म्हटलं, आल्यावरच सांगू. तू पेटीतलं ते पुस्तक काढून बघत बसतेस, मला दिसत नाही व्हय?"

"अहो, पण मी दोनदा बसले आहे. दोनदाच बसता येतं."

"तेच तर! पोपटरावांनी वाचून दाखवलं, दोनदाच म्हणून." पोपटराव म्हणजे त्यांच्या ऑफिसातले हजेरी कारकून, इंग्रजी त्यांनाच येते. "म्हणून तर कुमुदच्या नावानं भरला. कुमुद पिंगळे कुठं बसलीय कधी?"

"आणि यापूर्वी बसला होता का, तिथे काय लिहिलंत?"

"नाही म्हणून लिवलं. मग काय लिवणार?"

माझे माहेरचे नाव घेऊन हसून म्हणाले, शकुंतला घारे बसली असेल दोनदा, ती भिसेगावची पोरगी, तिच्याशी आपला काय संबंध. मी विचारले, नवे माहितीपत्रक कुठे आहे? म्हणाले, फॉर्मबरोबर होते, पोपटरावांकडे राहिले, तुझ्याकडे आहेच की एक.

आहे. ८२ सालचे. बाबांनी त्याला तपकिरी कागदाचे कव्हर घालून दिले होते.

१ जून

नियम मला पाठ आहेत. तरी आज पुन्हा काढून वाचले, न जाणो मी चुकीचे पाठ केले असेल.

नववा: कोणत्याही उमेदवारास ही परीक्षा फक्त दोनदा देता येईल. दहावा: प्रवेशपत्र दाखवून दालनात प्रवेश केला की प्रयत्न झाला असे धरण्यात येईल. अकरावा: मागील प्रयत्न लपवल्याचे केव्हाही आढळल्यास प्रवेश रद्द, आणि उमेदवार कायमचा अपात्र.

"केव्हाही" ह्या शब्दाकडे मी फार वेळ पाहत राहिले. म्हणजे सनद मिळाल्यावरसुद्धा. कोर्टात उभी राहिल्यावरसुद्धा.

पहिल्या वेळी, ८२ साली, चार गुणांनी गेले. दुसऱ्या वेळी दालनात जाऊन बसले आणि हिवतापाने दात वाजू लागले. उत्तरपत्रिका वाटायच्या आत शिपायाने मला धरून बाहेर नेले. दहा मिनिटेसुद्धा झाली नव्हती. पण प्रवेशपत्र दाखवले होते, दालनात शिरले होते. संपले.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. बाबा मला दहा-अकरा वर्षांची असल्यापासून कर्जतच्या कोर्टात न्यायचे, कुळाच्या केसचे कागद वाचायला. मी वाचायचे आणि चार म्हातारे माझ्याभोवती बसून ऐकायचे. कागदात लिहिले आहे त्यापेक्षा एक अक्षर कमी नाही, जास्त नाही, असे वाचायचे हे मी तिथे शिकले. आणि आता माझ्याच नावाने खोटा कागद पुण्याला जाऊन बसला आहे.

३ जून

नळावर इंदूबाई भेटल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "येसूची सून वकील व्हनार म्हनं! मंग आता आमी भांडान कुनाशी करायचं गं?" सगळ्या हसल्या. म्हणजे ह्यांनी गावभर सांगितले आहे.

 चार दिवस झाले, आत्याबाई मला चुलीपाशी बसू देत नाहीत. "जा तू, बस तिकडं," एवढेच. भाकऱ्या स्वतः थापतात, पाणी स्वतः आणतात. माझ्या हातचे त्यांना नकोसे झाले की काय? आज मागच्या पडवीत माझ्यासाठी चटई टाकून ठेवली होती, भिंतीकडे तोंड करून. जणू शिक्षा.

परीक्षेला दोनदा बसले हे आत्याबाईंना माहीत नाही; ह्यांना तेवढे मी लग्नानंतर तापासकट सगळे सांगितले होते. बाबांनी लग्न ठरवण्याच्या वेळी फक्त "मुलगी बी. ए. आहे, बाहेरून बसून पास झाली" एवढेच सांगितले. खोटे नव्हते. पण पुरतेही नव्हते. आमच्याकडचे सगळे असेच का, अर्धे खरे?

६ जून

ठरवले. कॉलेजला पत्र लिहिले. कुमुद पिंगळे म्हणजेच पूर्वीची शकुंतला बुधाजी घारे, तिचे दोन प्रयत्न झाले आहेत, अर्जात चुकीची माहिती गेली आहे. अर्ज कोणी भरला ते लिहिले नाही. तीनदा लिहून तीनदा फाडले. चौथ्यांदा "क्षमस्व" हा शब्द काढून टाकला, कारण तो वाचला की मी रडत लिहिते आहे असे वाटत होते.

पण हे लिहिले आणि मग भीती दुसऱ्या बाजूने आली. सही कोणाची, असे विचारले तर? दुसऱ्याची सही करणे हा गुन्हा आहे, आणि तो मी केलेला नाही, म्हणजे कोणी केला ते उघडच आहे. ह्यांची नोकरी पक्की होऊन वर्षही झाले नाही.

तरीही पत्र बंद केले. उद्या पोस्टमन येईल तेव्हा मी नदीवर असेन, म्हणून आत्याबाईंकडे दिले. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिले. वाचता येत नाही, पण पाहिले.

१० जून

उत्तर नाही. चार दिवसांत येणार नाही हे मला कळते. तरी सायकलची घंटा वाजली की हातातले टाकून दारात येते.

संध्याकाळी हे एका वहीचे पान घेऊन बसले. "ही सही गिरवून घे. तिथं परीक्षेत करायला लागेल ना, हुबेहूब पाहिजे." त्यांनी वर एकदा करून दाखवली. माझ्या नावाची सही, त्यांच्या वळणाची. के ला मोठा पाय, शेवटच्या अक्षराला शेपूट.

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"कसली? मी काय चोरी केली? तांदळाच्या ताटात अंगठीनं कोणी लिवलं तुझं नाव? दोनशे माणूस होतं बघायला. भटजी होता. ते खरं की तुझं ते पुस्तक खरं?"

त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. हे खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तसे वाटते. ही गोष्ट एखाद्या परीक्षकाला कशी समजावून सांगायची?

मी सही गिरवली. अठरा वेळा. अठराव्या वेळी ती इतकी बरोबर आली की मी पान चुलीत टाकले.

१४ जून

आज जे झाले ते नीट लिहिते.

हे कामावर गेल्यावर आत्याबाईंनी मला आत बोलावले आणि दार लोटले. पदराखालून माझे पत्र काढले. तसेच, बंद.

मी पाकिटाकडे हात पुढे केला.

"रागावू नकोस. पोस्टमनला दिलं नाय मी. तू रोज रडतेस. मला वाटलं, बापाला गार्‍हानं लिवलंस आमचं. आठ दिस झाले, मला जेवान जात नाय. काय लिवलंस ते वाच. शिव्या असल्या तरी वाच."

मी खाली बसले, पाकीट फोडले आणि वाचले. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. दोन वेळा बसल्याचे आले, तेही वाचले.

"म्हंजी दोन येळा नापास झालीस?"

"एकदा नापास. एकदा ताप."

"आनि तुजा बाप बोलला नाय."

"नाही."

 मला वाटले आता भिसेगावला निरोप जाणार. मग म्हणाल्या, "माजं माहेरचं नाव सोनू, हितं येसू झालं. लग्नाला बेचाळीस वर्सं झाली. परवा बाजारात माज्या मामेबहिनीनं मागून हाक मारली, सोनू, सोनू. मी वळलेच नाय. ती पुढं येऊन उभी र्‍हायली, मंग कळलं."

मी म्हटले, "आत्याबाई, ह्यांचं म्हणणं तेच आहे. नाव गेलं म्हणजे ती मुलगीही गेली."

"गेली कुठं?" त्या एकदम चिडल्या. "इतकी वर्सं शेणगोठा केला तो सोनूच्याच हातानं ना? हात कुनी बदललं? वाल्मिकला काय कळतंय. बाप्यांचं नाव कुनी बदलत नाय."

मग माझ्याकडे न पाहता: "आता ही चिट्ठी पोचनार कवा?"

पोचणार नाही. आज गुरुवार. रविवारी परीक्षा.

"मंग तोंडानं सांग जाऊन. चिट्ठी मी दाबली, तर तसं बी सांग."

१६ जून

उद्या. बाबा आज येऊन गेले, फणस घेऊन. मी प्रवेशपत्र दाखवले. त्यांनी दोन्ही हातांनी धरले आणि कपाळाला लावले. मग फोटोखालचे नाव विचारले. मी वाचून दाखवले. जरा थांबून म्हणाले, "बरं झालं. जुनी पाटी पुसली म्हणायची."

ज्या माणसाने मला कागद खरा वाचायला शिकवला, त्याने हे म्हणावे? मी त्यांच्याकडे न पाहता प्रवेशपत्र परत पाकिटात घातले. त्यांनीही माझ्याकडे फार पाहिले नाही.

ह्यांना सांगितले की मी परीक्षाप्रमुखांना भेटून सगळे सांगणार आहे. रागावतील असे वाटले होते. हे खाली बसले. मग म्हणाले, "मला आत टाकतील का गं?" इतके घाबरलेले मी ह्यांना कधी पाहिले नव्हते. म्हटले, तुमचे नाव मी घेणार नाही. म्हणाले, "मग माझ्यामुळं तुला टाकतील."  आत्याबाईंनी आतून विचारले, "दशम्या किती बांधू?"

१७ जून, रविवार

परत आले. थकले आहे, पण आजचे आजच लिहायला हवे, उद्या मी ते सोयीने आठवेन.

पहाटे फाट्यावर पुण्याची एस. टी. मिळाली.  साडेनऊला कॉलेजात पोचलो. ह्यांना फाटकापाशी थांबायला सांगून मी एकटी आत गेले. परीक्षाप्रमुख वयस्कर होते, चष्मा दोरीला बांधलेला. मी उभ्यानेच सगळे सांगितले. दोन नावे, दोन प्रयत्न, खोटे "नाही". मी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"ही सही तुमची?"

"अर्ज माझ्या नावाचा आहे. त्यात जे आहे त्याला मी जबाबदार."

"ते मी विचारलं नाही."

 त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. फाटकापाशी हे उभे होते, दशम्यांचे फडके छातीशी धरून, जसे काही कोणी ते हिसकावून घेणार आहे. प्रमुख म्हणाले, "बरं. नाही विचारत."

त्यांनी गेल्या वर्षीचे रजिस्टर मागवले. शकुंतला बुधाजी घारे. बोट ओळीवरून नेत नेत थांबले. "तुमच्या नावापुढे उत्तरपत्रिकेचा क्रमांकच नाही."

"वाटायच्या आधी बाहेर नेलं मला. ताप होता. पण दालनात शिरले होते. दहावा नियम."

"कुठला दहावा?"

मी म्हणून दाखवला. त्यांनी खणातून नवे माहितीपत्रक काढून पुढे सरकवले. "नियम दरवर्षी बदलतात, बाई. हा नवा दहावा वाचा."

वाचला. उत्तरपत्रिका हाती मिळण्यापूर्वी आजारपणामुळे दालन सोडावे लागल्यास प्रयत्न धरला जाणार नाही. मागील वर्षाच्या उमेदवारांसही लागू.

"म्हणजे माझा एकच प्रयत्न झाला?"

"एकच. तुमचा हक्काचा दुसरा शिल्लक होता." त्यांनी चष्मा काढला. "अर्जात खरं लिहिलं असतंत, होय, एकदा, तर आत्ता तुम्ही आत बसला असता. हा अर्ज खोटा आहे. ह्यावर मला बसवता येणार नाही. आणि खऱ्या अर्जाची मुदत एप्रिलमध्येच संपली."

मग त्यांनी माझ्याकडून अर्ज मागे घेतल्याचे लिहून घेतले. पेपर सुरू होण्याआधी मागे घेतला तर अकरावा नियम लागत नाही, म्हणाले. सही करा. मी विचारले, कोणत्या नावाने? म्हणाले, दोन्ही. मी दोन्ही नावे लिहिली. कुमुदची सही माझ्या स्वतःच्या वळणाने केली, पहिल्यांदाच.

तेवढ्यात घंटा झाली. व्हरांड्यात गर्दी होती ती एकदम ओसरली. मुले-मुली आपापल्या बाकावर बसली, मला दारातून दिसत होती. माझा क्रमांक टाकलेले बाक तिसऱ्या रांगेत, रिकामे.

फाटकापर्यंत चालताना मी ठरवले.

हे धावत पुढे आले. "काय म्हणाले? पोलीस?"

"नाही. पोलीस नाही, काही नाही. अर्ज मागे घेतला. दोनदा झालेच होते, यंदा बसता आलंच नसतं. पण साहेबांना दया आली. पुढच्या वर्षी एक संधी देतो म्हणाले. तुम्ही अर्ज केलात म्हणूनच ही भेट झाली."

ह्यांनी फाटकाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "बघ! म्हटलं नव्हतं?" आणि तिथेच फडके सोडून मला दशमी दिली.

आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून खोटे बोलले, आणि ते कॉलेजच्या फाटकात. नवे माहितीपत्रक पिशवीच्या तळाशी आहे.

१८ जून

आत्याबाईंनी विचारले, "सांगितलंस सगळं?" मी हो म्हटले. तिथे सगळे सांगितले हे खरे आहे. "मंग झालं," म्हणाल्या, आणि पुन्हा मला चुलीपाशी बसू दिले नाही. पडवीतली चटईही तिथेच आहे. परीक्षा वर्षावर गेली हे त्यांना कळलेले दिसत नाही.

२२ जून

आज हे कारखान्यातून उशिरा आले आणि जेवले नाहीत. पोपटरावांशी काहीतरी बोलणे झाले म्हणे. विचारले तर "काही नाही, मशीन बंद पडलं होतं" एवढेच. माझ्या पेटीकडे दोनदा पाहिले. मला पोपटरावांकडे राहिलेले ते नवे माहितीपत्रक आठवले. पण पोपटरावांना हजेरीपलीकडे कशात रस असणार?

२४ जून, रविवार

हे घरी होते. दुपारी म्हणाले, "ते नवीन पुस्तक आण की. तू आणलंस ना पुण्याहून? सगळे नियम मला मराठीतून सांग. पुढच्या खेपेला माझ्या हातून चूक नको."

नाही कसे म्हणणार? मी पेटीतून काढले.  हे समोर मांडी घालून बसले, मोजण्यासाठी अंगठा करंगळीच्या पेरावर. कारखान्यात माणसे मोजतात तसे.

मी एकेक नियम वाचून सांगत गेले. वयाचा. गुणांचा. फोटोचा, त्यावर आम्ही दोघेही हसलो, मुंडावळीवरून. नववा सांगितला: दोनदाच. मग दहावा गाळून, न थांबता अकरावा सांगितला.

त्यांचा अंगठा पुढच्या पेरावर गेला नाही. जिथे होता तिथेच थांबला. ते माझ्याकडे पाहत नव्हते, हाताकडे पाहत होते. मी पुढे वाचत राहिले, बारावा, तेरावा, चौदावा.

"संपले?"

"संपले."

"किती झाले?"

"चौदा."

त्यांनी हळूहळू मूठ मिटली. "चौदाच," म्हणाले. मग उठले, दारापर्यंत गेले, आणि पाठ माझ्याकडे असतानाच म्हणाले, "पुढच्या वर्षी अर्ज तूच भर. मी नुसता पेटीत टाकून येईन."

सुटले. त्यांच्या लक्षात आले नाही.